तिबेटी नावे कशी वाचावीत: आडनाव नसलेल्या समाजाची नामपरंपरा

विदर्भातील एका महाविद्यालयात शिकवणाऱ्या प्राध्यापकांनी विचारले आहे की, त्यांच्या वर्गात तिबेटी वसाहतीतून येणारे विद्यार्थी आहेत आणि त्यांतील अनेकांचे नाव तेन्झिन आहे. तेव्हा तेन्झिन हे आडनाव समजावे काय, नावावरून मुलगा की मुलगी हे ओळखता येते काय, आणि या नावांना काही अर्थ असतो काय? तिबेटी भाषा शिकवणे आणि तिबेटी माणसांच्या कागदपत्रांचे भाषांतर करणे हे माझे काम असल्यामुळे हे तिन्ही प्रश्न माझ्यासमोर सतत येतात. त्यांची उत्तरे एकमेकांत गुंतलेली असल्यामुळे ती एकत्रच देत आहे.

तेन्झिन हे आडनाव नाही, कारण बहुसंख्य तिबेटी लोकांना आडनावच नसते. सोनाम डोल्मा किंवा ताशी धोंडुप अशी दोन शब्दांची नावे सर्वांत अधिक आढळतात, आणि हे दोन्ही शब्द त्या एकट्या व्यक्तीचे असतात. त्यांतला कोणताही शब्द वडिलांकडून आलेला नसतो, तो मुलांकडे जात नाही, आणि लग्नानंतर स्त्रीने नवऱ्याचे नाव लावण्याची प्रथाही नाही. याचे सर्वांना पडताळता येईल असे उदाहरण दलाई लामांच्या कुटुंबाचे आहे. वडील छोक्योंग त्सेरिंग, आई देकी त्सेरिंग, थोरली बहीण त्सेरिंग डोल्मा, भाऊ थुब्तेन जिग्मे नोर्बू, ग्यालो धोंडुप, लोबसांग साम्तेन आणि तेन्झिन छोग्याल, धाकटी बहीण जेत्सुन पेमा, आणि खुद्द दलाई लामांचे जन्मनाव ल्हामो धोंडुप. ही यादी आपल्याकडच्या एखाद्या कचेरीत दाखवली तर आईवडील आणि थोरली मुलगी यांच्या नावांत 'त्सेरिंग' दिसते म्हणून तेच आडनाव ठरेल आणि बाकीची भावंडे परक्या घरची मानली जातील. प्रत्यक्षात त्सेरिंग म्हणजे 'दीर्घायू'. आईवडिलांचे आणि मुलीचे नाव असे जुळले म्हणून ते आडनाव ठरत नाही, आणि तिबेटी समाजात असे जुळणे इतके सामान्य आहे की त्याकडे कोणी लक्षही देत नाही.

मग वर्गात इतके तेन्झिन का, हे समजण्यासाठी नाव कोण ठेवते हे पाहावे लागते. आपल्याकडे आत्या बारशाला नाव ठेवते. तिबेटी घरात नाव बहुधा एखाद्या लामांकडून मागून आणतात. मूल जन्मल्यावर, कधी जन्माच्या आधीही, आईवडील किंवा घरातले वडीलधारे खाता, म्हणजे पांढरे रेशमी उपरणे, आणि यथाशक्ती दक्षिणा घेऊन लामांकडे जातात, आणि लामा नाव सांगतात किंवा चिठ्ठीवर लिहून देतात. नाव देणारे गुरू पुष्कळदा आपल्या स्वतःच्या नावातील एक भाग बाळाला किंवा नव्या भिक्षूला देतात. चौदाव्या दलाई लामांचे नाव तेन्झिन ग्यात्सो. त्यांच्याकडून ज्यांना नाव मिळाले त्या मुलामुलींच्या नावाच्या आरंभी तेन्झिन येते, आणि 1959 नंतर भारतात आलेल्या निर्वासित समाजाने आपल्या मुलांसाठी शक्यतो त्यांच्याकडूनच नाव मागितले. म्हणून नेपाळपासून कर्नाटकातील बैलकुप्पे आणि मुंडगोडपर्यंत एकेका शाळेत तेन्झिन नावाच्या मुलांची रांग लागते. तेराव्या दलाई लामांचे नाव थुब्तेन ग्यात्सो होते, आणि त्यांच्या काळातील भिक्षूंच्या नावांत थुब्तेन हा शब्द असाच वारंवार भेटतो.

आडनाव माणसाचा वंश सांगते; तिबेटी नावाचा पहिला शब्द पुष्कळदा आशीर्वाद कोणाचा हे सांगतो. हे एकदा लक्षात आले की नावावरून इतरही काही ताडता येते. ज्याचे नाव कर्मा या शब्दाने सुरू होते त्याच्या घराचा संबंध बहुधा कर्मापा या धर्मगुरूंच्या काग्यू परंपरेशी असतो. काग्यू, गेलुग, ञिंगमा आणि साक्य हे तिबेटी बौद्ध धर्माचे चार प्रमुख संप्रदाय. लोबसांग, ङावांग, थुब्तेन, जाम्पा ही नावे गेलुग मठांत फार आढळतात, उग्येन आणि रिग्झिन ही ञिंगमा परंपरेत, कुंगा हे साक्य परंपरेत, आणि युंगद्रुंग हा शब्द बोन हा तिबेटचा जुना धर्म मानणाऱ्या घरांत. हे नियम नव्हेत, कल आहेत. एवढ्यावरून कोणाचा संप्रदाय ठरवून मोकळे होऊ नये.

अर्थाच्या बाबतीत मात्र मराठी वाचकाला या नावांत परकेपणा वाटण्याचे काहीच कारण नाही, आणि हा भाग मला सर्वांत मोलाचा वाटतो. संस्कृत ग्रंथांचे तिबेटी भाषांतर करताना तिथल्या पंडितांनी विशेषनामेसुद्धा बहुधा जशीच्या तशी उचलली नाहीत, त्यांचा अर्थ भाषांतरित केला. नवव्या शतकाच्या आरंभी राजाज्ञेने 'महाव्युत्पत्ति' नावाचा संस्कृत-तिबेटी शब्दकोश तयार झाला आणि कोणत्या संस्कृत शब्दाला कोणता तिबेटी शब्द वापरायचा हे ठरून गेले. त्यामुळे सिद्धार्थाचा धोंडुप झाला, आनंदाचा कुंगा, मैत्रेयाचा जाम्पा, तारेची डोल्मा आणि सरस्वतीची यांगचेन. जिग्मे म्हणजे अभय, नामग्याल म्हणजे विजय, वांगचुक म्हणजे ईश्वर, ग्यात्सो म्हणजे सागर, छिमे म्हणजे अमर, रिंचेन म्हणजे रत्न, ल्हामो म्हणजे देवी, शेराब म्हणजे प्रज्ञा, येशे म्हणजे ज्ञान. दोर्जे म्हणजे वज्र. सोनाम म्हणजे पुण्य. ताशी म्हणजे मंगल. ग्याल्त्सेन हा विजयध्वज, नोर्बू हे रत्न किंवा मणी. लोबसांग म्हणजे सुमती: गेलुग परंपरेचे संस्थापक त्सोंगखापा (1357–1419) यांचे दीक्षानाम लोबसांग द्राक्पा, म्हणजेच सुमतिकीर्ती, आणि त्यांच्यामुळेच हे नाव त्या परंपरेत इतके पसरले. ङावांग म्हणजे वागीश. पाचव्या दलाई लामांचे नाव ङावांग लोबसांग ग्यात्सो. ते संस्कृतात म्हणायचे तर 'वागीश सुमती सागर' असे होईल. पेमा हा तर सरळ 'पद्म' शब्दच आहे, तिबेटी उच्चारात बसलेला. तेन्झिनचा अर्थ बुद्धाचे शासन, म्हणजे त्यांची शिकवण, धारण करणारा किंवा धारण करणारी.

महाराष्ट्रात 1956 च्या धम्मदीक्षेनंतर घरोघर सिद्धार्थ आणि आनंद ही नावे ठेवली गेली. गोंदिया जिल्ह्यात गोठणगावजवळ 1972 साली वसलेल्या नोर्ग्येलिंग या तिबेटी वसाहतीत धोंडुप किंवा कुंगा नावाचा मुलगा राहत असेल तर त्याचे आणि नागपूरच्या सिद्धार्थचे किंवा आनंदचे नाव एकच आहे. एकाच मुळाचे नाव एका वाटेने हिमालय ओलांडून, भाषांतरित होऊन परत आले आणि दुसऱ्या वाटेने थेट पाली-संस्कृत ग्रंथांतून उचलले गेले. प्राध्यापकांनी आपल्या विद्यार्थ्यांना हे जरूर सांगावे. अशी माहिती दोन्ही बाजूंच्या मुलांना एकमेकांजवळ आणते, असा माझा अनुभव आहे.

वसाहतीच्या नावातील 'नोर्ग्ये' म्हणजे संपत्तीची वृद्धी, आणि हाच शब्द एव्हरेस्टवीर तेनझिंग नोर्गे यांच्या नावात आहे. त्यांचे मूळ नाव नामग्याल वांगदी होते. ते लहान असतानाच रोंगबुक मठाच्या लामांच्या सल्ल्याने ते बदलून तेनझिंग नोर्गे ठेवले गेले. अशी नावबदलाची प्रथा आजही जिवंत आहे. मूल वारंवार आजारी पडू लागले, घरावर संकट आले, किंवा माणूस मोठ्या दुखण्यातून उठला, तर लामांकडे जाऊन नवे नाव घेतात. भिक्षू किंवा भिक्षुणी होताना तर नवे नाव मिळतेच. म्हणून एकाच व्यक्तीच्या जुन्या आणि नव्या कागदांवर वेगवेगळी नावे आढळली तर त्यात लबाडी असेल असे धरून चालणे अन्यायाचे आहे. आधी शांतपणे विचारावे, आणि मग प्रतिज्ञापत्राने दोन्ही नावे जोडून घ्यावीत.

सगळीच नावे अशी शास्त्रोक्त नसतात. पुष्कळांची नावे जन्मवारावरून ठेवलेली असतात: ञिमा रविवारचा, दावा सोमवारचा, मिग्मार मंगळवारचा, ल्हाक्पा बुधवारचा, फुर्बू गुरुवारचा, पासांग शुक्रवारचा आणि पेन्पा शनिवारचा. वारांचे ग्रह आपलेच आहेत, त्यामुळे ञिमा म्हणजे सूर्य आणि दावा म्हणजे चंद्र. मिग्मार या शब्दाचे घटक 'लाल' आणि 'डोळा' असे आहेत, आणि आकाशातला मंगळ पाहिला की ते पटते. 22 एप्रिल 1993 रोजी एव्हरेस्टचे शिखर गाठणाऱ्या पहिल्या नेपाळी महिला पासांग ल्हामू शेर्पा यांचे नाव शुक्रवार आणि देवी या दोन शब्दांचे आहे. निर्वासित तिबेटी प्रशासनाच्या प्रमुखपदी 2021 मध्ये निवडून आलेले पेन्पा त्सेरिंग यांच्या नावात शनिवार आणि दीर्घायुष्य आहे. ही वारनावे मठांबरोबर मंगोलियापर्यंत गेली, आणि तिथे दावा, मिग्मार, पेन्पा हेच शब्द दवा, म्यागमार, ब्याम्बा असे उच्चारले जातात. काही नावे तिथीवरूनही असत. तेराव्या दलाई लामांच्या मर्जीतले एक सेवक नामगांग नावाचे होते. नामगांग म्हणजे चांद्रमासाचा तिसावा दिवस, आपली अमावास्या. त्यांच्याकडे पुढे पुन्हा येऊ.

ज्या घरांत मुले दगावत, तिथे मुलाला मुद्दाम घाणेरडे नाव देत. ख्यिक्याग म्हणजे कुत्र्याची विष्ठा, फाक्क्याग म्हणजे डुकराची. असे नाव ऐकून मृत्यूची किंवा दुष्ट शक्तींची नजर त्या मुलावर पडणार नाही ही भावना, आणि ती धोंडू, दगडू, कचरू अशी नावे ठेवणाऱ्या आपल्या आजी-पणजींना कोणी समजावून सांगायला नको. मुलगा हवा असेल तर मुलीचे नाव बुटी किंवा बुट्री ठेवत. त्याचा अर्थ मुलाला आपल्यामागे घेऊन येणारी. आणखी मुले नकोत असे वाटले की शेवटच्या अपत्याचे नाव त्सामछो, म्हणजे सीमा घालणारे. बुटी हे नाव आजही अगदी प्रेमाने वापरले जाते आणि त्या नावाची बाई त्यात कमीपणा मानत नाही, तेव्हा त्यावर दया दाखवण्याची गरज नाही.

मुलगा की मुलगी, या प्रश्नासाठी दुसरा शब्द पाहावा. तेन्झिन, त्सेरिंग, सोनाम, पेमा, ताशी, केलसांग, कर्मा आणि सगळी वारनावे दोघांनाही चालतात. दुसऱ्या जागी डोल्मा, ल्हामो, वांगमो, पाल्मो, झांगमो, छोदोन, यांगचेन, देकी यांपैकी काही असेल तर ती मुलगी आहे असे समजायला हरकत नाही. शेवटचा 'मो' किंवा 'मा' हा स्त्रीवाचक प्रत्यय तिथे मदतीला येतो. दोर्जे, धोंडुप, ग्याल्त्सेन, ग्यात्सो, नामग्याल, वांगचुक, वांगदू हे बहुतेक मुलगे. तरीही अपवाद निघतातच: दलाई लामांचे जन्मनाव ल्हामो धोंडुप होते, आणि ल्हामो म्हणजे देवी. नावात दोन्हीकडचे शब्द असतील, किंवा तेन्झिन त्सेरिंगसारखे दोन्ही शब्द उभयलिंगी असतील, तर अंदाजाने 'कुमार' किंवा 'कुमारी' लिहून टाकू नये.

आडनाव नाही हे विधान मात्र थोडे सावरून घेतले पाहिजे. जुन्या तिबेटमध्ये कुळे होती. अकराव्या-बाराव्या शतकातील योगी मिलारेपा यांच्या नावातील मिला हे घराण्याचे नाव आणि रेपा म्हणजे सुती वस्त्र नेसणारा. त्यांचे लहानपणीचे नाव थोपागा होते, म्हणजे 'ऐकून आनंद झाला', कारण परगावी असलेल्या वडिलांनी मुलगा झाल्याची बातमी ऐकून तसे उद्गार काढले होते असे त्यांच्या चरित्रात सांगतात. साक्य परंपरेचे प्रमुख आजही खोन घराण्यातलेच असतात. ल्हासाच्या सरदार घराण्यांना शाकाब्पा, युथोक, तारिंग, त्सारोंग अशी नावे होती, परंतु ती रक्तापेक्षा वाड्याला आणि जहागिरीला चिकटलेली असत. वर उल्लेखिलेले नामगांग सामान्य घरात जन्मले होते; 1912 साली त्सारोंग घराण्यातील मंत्री मारले गेल्यावर त्यांचा विवाह त्या घरात करून देण्यात आला, ते घराण्याचे वारस झाले आणि पुढे त्सारोंग दासांग द्रामदुल या नावाने तिबेटचे सेनापती म्हणून प्रसिद्ध झाले. घरात जो आला, त्याला घराचे नाव मिळाले. खाम आणि आम्दो या पूर्वेकडील प्रांतांत घराच्या नावाला 'त्सांग' जोडतात आणि ते व्यक्तिनामाच्या आधी येते.

तिबेटी संस्कृतीच्या सीमेवरच्या प्रदेशांत आता आडनावे तयार होत आहेत, आणि प्रत्येक ठिकाणी ती वेगळ्या रीतीने होत आहेत. शेर्पा आणि भुतिया ही जमातीची नावे आडनावासारखी लागतात. भूतानमध्ये 1907 साली उग्येन वांगचुक राजे झाले आणि त्यांचा दुसरा शब्द राजघराण्याचे नाव झाला. सिक्कीमच्या राजघराण्याचे नामग्याल तसेच. अरुणाचल प्रदेशात दोर्जी खांडू यांचे पुत्र पेमा खांडू, म्हणजे वडिलांच्या नावाचा दुसरा शब्द पुढच्या पिढीत आडनाव म्हणून उतरला. लडाखमध्ये मात्र जुनी रीत अजून बरीच टिकून आहे. कारगिल युद्धात महावीर चक्र मिळवणारे सेनाधिकारी सोनाम वांगचुक आणि 2018 चा मॅगसेसे पुरस्कार मिळालेले अभियंते सोनाम वांगचुक या दोन वेगळ्या व्यक्ती आहेत, त्यांचे नाव एकच आहे, आणि त्यांच्यातल्या कोणाचेही आडनाव वांगचुक नाही. म्हणून त्यांचा उल्लेख 'श्री. वांगचुक' असा करणे तिबेटी कानाला अपुरे वाटते.

लडाखचा विषय निघाला म्हणून उच्चारांविषयीही सांगितले पाहिजे. तिबेटी लिपीतील वर्णविन्यास हजाराहून अधिक वर्षांपूर्वी ठरला आणि फारसा बदलला नाही, उच्चार मात्र बदलत गेले. तेन्झिनच्या लेखनात 'त'च्या आधी 'ब' आणि 'स' ही अक्षरे आहेत. ल्हासात ती दोन्ही मुकी झाली, लडाखमध्ये त्यातला 'स' अजून ऐकू येतो, म्हणून तिथे स्तान्झिन म्हणतात. तसेच केलसांगचे स्काल्झांग होते. उलट वांगमोचे लडाखीत आंगमो होते आणि वांगचुकचे आंगचुक. तेव्हा स्तान्झिन आंगमो आणि तेन्झिन वांगमो हे लिहिण्यात एकच नाव आहे. रोमन लिपीमुळे गोंधळ आणखी वाढतो, कारण सर्वमान्य रोमन पद्धत दैनंदिन व्यवहारात कोणी वापरत नाही, आणि चीनमधील कागदांवर चिनी उच्चारावरून आलेली रूपे असतात: ताशीचे झाशी, डोल्माचे झुओमा, दोर्जेचे दुओजी. आपल्याकडे रोमन लेखन वाचून 'नगावांग' म्हणतात. तिथे 'न' आणि 'ग' नाहीत, देवनागरीतला ङ आहे, जो आपण वाङ्मय या शब्दात लिहितो. त्सेरिंगमधला पहिला वर्ण मराठी माणसाला अवघड जाऊ नये: 'चाक' आणि 'चांदणे' यांतला दंत्य च थोडा श्वास सोडून म्हटला की तो साधतो. तेन्झिनमधला दुसरा वर्ण 'जावई' आणि 'जहाज' यांतल्या ज च्या जवळचा आहे. हिंदी भाषकाला हे दोन्ही वर्ण मुद्दाम शिकावे लागतात.

आणखी एक चूक वृत्तपत्रांतही दिसते, ती म्हणजे पदवीला नाव समजण्याची. लामा म्हणजे गुरू, रिंपोछे म्हणजे 'अमूल्य', गेशे ही मठातील उच्च विद्येची पदवी आणि तिचा मूळ अर्थ कल्याणमित्र, खेन्पो म्हणजे मठाचार्य किंवा विद्वान आचार्य, आनी म्हणजे भिक्षुणी. यांपैकी काहीही आडनावाच्या रकान्यात जाऊ नये.

आता कचेरीतल्या व्यवहाराविषयी. अर्जात आडनावाचा रकाना सक्तीचा असेल तर अनेक संस्था दुसरा शब्द तिथे ढकलतात, काही ठिकाणी वडिलांचे नाव जोडले जाते, आणि काही संगणक-प्रणालींत दोन्ही शब्द आडनावात जाऊन पहिले नाव रिकामे राहते. अशा माणसाला पुढे अमेरिकेचा व्हिसा मिळाला तर पहिल्या नावाच्या जागी 'नाव अज्ञात' या अर्थाची इंग्रजी आद्याक्षरे छापली जातात, आणि ती तिथल्या बँकेपर्यंत त्याचा पाठलाग करतात. शक्य असेल तिथे दोन्ही शब्द पहिल्या नावाच्या रकान्यात एकत्र ठेवावेत आणि वडिलांचे नाव त्याच्या स्वतंत्र रकान्यात लिहावे. तसे शक्य नसेल तर विद्यार्थ्याच्या नोंदणी प्रमाणपत्रावर, म्हणजे निर्वासित म्हणून शासनाने दिलेल्या मूळ कागदावर, जशी विभागणी आणि जसे स्पेलिंग असेल तसेच अक्षरशः उतरवावे, ते चुकीचे वाटले तरी. दहावीचे प्रमाणपत्र, नोंदणी प्रमाणपत्र आणि पदवी या तिन्हींत एक अक्षर जरी वेगळे झाले तरी त्रास विद्यार्थ्याला होतो.

वर्गात एकाच नावाचे अनेक असतील तर 'तेन्झिन एक', 'तेन्झिन दोन' असे करू नये. तिबेटी लोक स्वतः काय करतात ते पाहावे. ते दोन शब्दांतले पहिले-पहिले अवयव जोडून लहान नाव करतात: तेन्झिन त्सेरिंगचे तेन्त्से, केलसांग डोल्माचे केलडोल. किंवा ज्या शब्दाने वेगळेपण कळते तो दुसरा शब्द वापरतात, किंवा गावाचे नाव आधी जोडतात. कोणत्या नावाने हाक मारावी हे त्या विद्यार्थ्यालाच विचारावे, आणि नावापुढे 'ला' लावावे, पेमा-ला, दावा-ला, जसे आपण 'राव' किंवा 'ताई' लावतो. तिबेटीत स्वतःच्या नावाला 'मिंग' म्हणतात आणि समोरच्याच्या नावाला आदराने 'त्सेन'. म्हणून नाव विचारताना 'त्सेन' म्हणावे. शिक्षकांना विद्यार्थी 'गेन-ला' म्हणतील. पालक भेटायला आले तर वडिलांना 'पा-ला' आणि आईला 'आमा-ला' म्हणावे. वयाने मोठ्या माणसाला केवळ नावाने हाक मारणे तिबेटी घरात उद्धटपणाचे समजतात.